अ‍ॅप्रनवरचा रफू

आज ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासोबत भंडाऱ्याच्या कॉलेजातला माझा अ‍ॅप्रन हाती आला. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला त्यावर सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे थेंब उडाले होते, पण तेव्हा साधा डागसुद्धा दिसला नाही. दुसऱ्या दिवशी मायनं तो धुतला आणि पिळताना त्याला भोकं पडली. मी अंगणात आले तर ती ओला अ‍ॅप्रन मांडीवर घेऊन रडत होती. "माह्याच हातानं फाटला," ती म्हणाली. "अ‍ॅसिडानं जळला माय, असं कापड धुतल्यावरच फाटते," मी परोपरीनं सांगितलं. "जळला असता तर काल नसता दिसला काय? मले बरं वाटावं म्हनून बोलून राहिली तू." मग आपल्या हातमागावरचा कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा घेऊन तिनं रफू केला आणि त्यानंतर माझ्या कपड्यांना कधी हात लावला नाही. "तुहे तूच धू बाई, माहे हात खरबडीत हायेत." वर्षाचा निकाल लागायच्या आधीच माय तापानं गेली. आज तो अ‍ॅप्रन मी अगदी हलक्या हातानं धुतला. भोवतीचं कापड विरून हातात आलं. तिचा पिवळसर रफू तेवढा तसाच राहिला.