तुळसा शिवलकरची चिनी बांगडी

मिऱ्या गावात माझ्या घरामागे तुळसा शिवलकर राहते. लोक तिच्याबद्दल फार हळवं होऊन बोलतात. मला ते जमत नाही. आमची ओळख जुनी आहे आणि तीतली निम्मी वर्षं भांडण्यात गेली आहेत.

तिचा नवरा विठू मालवाहू जहाजावर खलाशी होता. एकदा चीनहून येताना त्याने तिला दगडी बांगडी आणली. रुंद, मळकट हिरवी, मधेमधे पांढुरकी. बंदराजवळच्या फुटपाथवर एका म्हाताऱ्याकडून घेतलेली. "काचेच्या बांगड्या सारख्या पिचवतेस. ही जन्मभर घाल," म्हणाला. साबण लावून चढवली ती पुन्हा उतरली नाही.

पुढच्याच सफरीत विठू समुद्रात पडला. शोध थांबवल्याचं कंपनीने कळवलं. देह मिळाला नाही. रीतीप्रमाणे बायका तुळसाच्या बांगड्या फोडायला जमल्या. काचेच्या फुटल्या, दगडी फुटेना. पाट्यावर आपटली, वरवंट्याने ठोकली. मनगट काळंनिळं झालं, बांगडीला चरा नाही. थोरली जाऊ गोदूबाई दमून खाली बसली.

"ऱ्हवू दे गो आता," ती म्हणाली.

"फुटत नाय म्हंजे हायत ते," तुळसा म्हणाली आणि तोंड धुऊन कुंकू लावून आली.

मी शाळेत विज्ञान शिकवलेलं. तिला सांगितलं, अगं, हे जेड, याचे तंतू एकमेकांत विणलेले असतात, विठू असो नसो, ते असं आपटून फुटत नाही.

"असू देत तंतू, बाई."

लेकीचं, शमिकाचं, लग्न ठरलं. पत्रिकेत विठूच्या नावाआधी 'कै.' आलं. तुळसाने ते खोडायला लावलं. मुलाकडचे म्हणाले, आई अशी, तर मुलगी कशी निघेल? मोडलं. शमिका आंब्याच्या कारखान्यात कामाला लागली ती तिथेच आहे.

माझी भाची ऋतिका पुरातत्त्व शिकलेली. दिवाळीला आली तेव्हा तिने बांगडी भिंगातून पाहिली. खरी की नक्कल हे असं सांगता यायचं नाही, म्हणाली, पण चीनमध्ये अश्मयुगातल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत जेडच्या अशा बांगड्या सापडतात, पुरलेल्या माणसांच्या हातांपाशी. मी लगेच तुळसाला ऐकवलं, "बघ. मेलेल्यांचा दागिना घालून बसलीयस."

तिने विचार केला. "त्यांची हाडंसुद्धा गेली असतील. ही ऱ्हायली ना?"

हिच्यापुढे काय डोकं फोडणार?

यंदा मासे साफ करताना शिंगाळ्याचा काटा तिच्या हातात गेला. हात कोपरापर्यंत सुजला, बांगडी मांसात रुतली. आज काढा, नाहीतर हात जाईल, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातल्या कटरने काही झालं नाही. शेवटी शमिकाने लाद्या बसवणाऱ्या स्वरूपला बोलावलं. बांगडीखाली कसाबसा पातळ पत्रा सरकवून, वरून पाणी सोडत त्याने ग्राइंडर धरला. तुळसा पूर्ण शुद्धीत होती.

"शमे, नको गो. हात घ्या कापून. त्यांना ऱ्हवू दे."

शमिकाने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. आजही हलवेन.

"काप," ती स्वरूपला म्हणाली.

बांगडी दोन तुकडे होऊन पडली. तुळसाने दुसऱ्या हाताने कुंकू पुसलं. "आज गेले," म्हणाली. मग लेकीकडे बघून, "तू मारलंस बापाला."

हात वाचला. घरी येऊन तिने सुतक धरलं, ते दिवस उलटून गेले तरी सोडलेलं नाही. शमिकाच्या हातचं पाणी घेत नाही. मी जाऊन चार घास भरवते, रागावते. ती ऐकून घेते आणि भिंतीकडे तोंड करते.

परवा शमिका कामावरून परस्पर माझ्याकडे आली. चप्पल न काढता पायरीवरच उभी राहिली.

"बाई, बाबा तेव्हाच गेले होते ना?"

"हो," मी म्हटलं.

तिने पुन्हा तेच विचारलं.