राखीव पाच

शिरोड्याच्या सत्यवानाकडे शनिवारी चार ते पाच कोणी जाऊ नये. गेलात तरी तो बसा म्हणणार नाही. ओट्यावर वही उघडून बसलेला असतो, शेजारी फोन, आणि येणाऱ्याला हातानेच थांबवतो. पन्नाशी उलटलेला, लग्न न झालेला, आई गेल्यापासून घरात एकटा. पंचवीसेक माड सोडले तर मागे व्याप नाही. ह्याला एवढं कसलं काम, असं नवख्याला वाटतं. काम हॉकीचं असतं.

शाळेच्या हॉकी संघातले हे पाच मित्र. बाळा डोंबिवलीला गेला, दत्तप्रसाद पुण्याला, ओमकार बेळगावला, दीपेश थेट मस्कतला. सत्यवान राहिला. सहा वर्षांपूर्वी त्यांनी फोनवर एक खेळ काढला. खऱ्या स्पर्धा सुरू झाल्या की प्रत्येकाने जगभरातले सोळा खेळाडू निवडून आपला मनातला संघ करायचा. त्यातले अकरा खेळणार, पाच राखीव. अकरांपैकी कोणी खऱ्या सामन्यात गोल मारला की त्याच्या मालकाला गुण. ह्या आठवड्यात कोणाला बसवायचं आणि कोणाला उतरवायचं, ते शनिवारी पाचच्या आत सत्यवानाला फोन करून सांगायचं. मेसेज चालत नाही, कारण पहिल्याच वर्षी दीपेशने सामना संपल्यावर आपला मेसेज बदलला होता आणि वर तोंड करून भांडलाही होता.

बदल सांगायला अर्धं मिनिट लागतं. पुढची दहा मिनिटं गुडघा कसा आहे, विहिरीला पाणी किती, बांगडा आला का, मास्तर गेले ते कळलं का. चार फोन, एक तास. सत्यवानाचा आठवडा ह्या तासावर उभा होता. पण तो माणूस आमच्याकडचा. जे आवडतं त्याच्याच नावाने आमच्यात जास्त कुरकुर करायची रीत. दर फोनला त्याचं एकच पालुपद, ‘‘शनवार सगळो तुमच्यातच जाता मेल्यांनो! माका दुसरी कामा नाय काय?’’

ह्या वर्षी हंगामाच्या तोंडावर दत्तप्रसादने ग्रुपवर लिहिलं, संघ अकराचाच ठेवूया. सुरुवातीला एकदाच नावं द्यायची, राखीव नकोत, दर आठवड्याची फोनाफोनी बंद.

 सत्यवानाने लगेच चार मिनिटांचा आवाजी मेसेज पाठवला. खेळाडू जखमी झाला तर? कार्ड मिळून बाहेर गेला तर? राखीव नसलेला संघ हा संघच नव्हे! ओमकारने हसून लिहिलं, ‘‘सत्या शाळेत राखीवच होतो ना, बाकाचीच बाजू घेतलो.’’ ते खरंच होतं. चार वर्षं त्याने लिंबाच्या फोडी वाटल्या होत्या. पण त्याला बाकाचं काही पडलं नव्हतं. त्याला फोन हवे होते, आणि तेवढंच त्याने मेसेजमध्ये म्हटलं नव्हतं.

मतदान झालं. दत्तप्रसाद आणि ओमकार अकराच्या बाजूने, दीपेश आणि सत्यवान सोळाच्या. बाळाचं मत राहिलं. बाळा म्हणजे सत्यवानाचा शेजारचा, पाटीपेन्सिलीपासूनचा दोस्त. सत्यवान निर्धास्त झाला आणि त्याने वहीत अख्ख्या हंगामाच्या सोळा-सोळा ओळी आखून ठेवल्या.

बाळाचा फोन आला तो मत देऊनच. ‘‘अकराक दिलंय रे. तुझ्यासाठीच दिलंय. सहा वर्सां बोंब मारतंस, शनवार जाता म्हणान. सोडवलंय तुका.’’

सत्यवानाच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण सहा वर्षांची कुरकुर खोटी होती हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ‘‘बरा केलंस,’’ तो म्हणाला.

हंगामाचा पहिला शनिवार आला. चार वाजता तो वही घेऊन ओट्यावर बसला. सवयच ती. प्रत्येकाच्या पानावर अकरा नावं होती आणि खाली पाच ओळी कोऱ्या. माडाचं एक झाप पडलं, ते त्याने उचललंही नाही. पावणेपाच झाले. त्याला फार एकटं वाटलं, आई गेली त्या आठवड्यातही वाटलं नव्हतं इतकं. मग त्यानेच बाळाला फोन लावला.

‘‘काय रे सत्या? सगळा बरा मां?’’ बाळाच्या आवाजात काळजी होती. सत्यवानाचा फोन आपणहून कधी येत नसे.

‘‘बरा आसा. तुझे अकरा तेच मां?’’

‘‘तेच. आता बदलूक खंय येता? काय काम होता?’’

सत्यवानाने वहीकडे पाहिलं. कामाशिवाय एकमेकांना फोन करायची सवय दोघांनाही नव्हती.

‘‘काम नाय,’’ तो म्हणाला.

‘‘मगे आराम कर,’’ बाळा मायेने म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.