कडुनिंबाला केळीचं पाणी

आमचं कॉलेज नवं होतं, काळ्या मातीच्या मोकळ्या रानात बांधलेलं. आवारात सावलीला म्हणून एक झाड नव्हतं. साठ सालानंतरची ही गोष्ट. वीज आली नव्हती, विहिरीवर ऑइल इंजिन होतं आणि डिझेल मिळेल तेव्हा मिळे. म्हणून प्राचार्यांनी नियम काढला. इंजिन सकाळी अर्धा तास चालायचं, हौद भरला की बंद. वसतिगृहातल्या प्रत्येकाला दोन बादल्या पाणी, आणि आंघोळ न्हाणीत नाही, तर पावसाळ्यात आपण लावलेल्या कडुनिंबाच्या रोपाशेजारी, फरशीच्या तुकड्यावर बसून. उपसलेलं पाणी दोनदा कामी आलं पाहिजे, असं ते म्हणत. झाडं मोठी झाली की वर्गांना पंखे लागणार नाहीत, असंही म्हणत. पंखा आमच्यातल्या निम्म्यांनी पाहिलाच नव्हता, त्यामुळे तो त्याग आम्ही हसत केला.

नियमाला एक शेपूट होतं. होळीच्या सुट्टीपर्यंत ज्याचं रोप मरेल, त्याची खोली पुढच्या वर्षी दुसऱ्याला. माझं गाव तापीच्या पलीकडच्या काठावर. नाव, मग बैलगाडी, मग पायपीट. रोज येऊन-जाऊन शिकणं अशक्य. खोली गेली की कॉलेज गेलं. वडील तर वाटच पाहत होते. शिकून काय होतं, केळी कोण बघणार, हा त्यांचा सवाल दर सुट्टीत ताटावर वाढला जाई.

पण मला काळजी नव्हती. आमच्या घरी केळीची बाग तीन पिढ्यांची. एक कडुनिंब जगवायला मला कोण शिकवणार? माझ्याच खोलीत धडगावच्या वरच्या पाड्यावरचा एक मुलगा होता. घरी पावरी बोलायचा, आमच्याशी शाळेतलं मराठी, तेही मोजून. त्याचं रोप माझ्या रोपाशेजारीच होतं. त्यानं बुंध्याभोवती दगड मांडून ठेवले होते आणि आंघोळीचं पाणी अर्धंच रोपाकडे वळवत असे. मला त्याची कीव आली. मी केळीला करतात तसं ऐसपैस आळं केलं आणि दुपारी विहिरीवरून दोरानं आणखी चार बादल्या ओढून त्यात ओतू लागलो. दोर माझा, हात माझे, यात डिझेल कुठे जळतं? खानावळीतला आचारी एकदा थांबून म्हणाला, "भाऊ, तू केळी लाई ऱ्हायना का?" कडुनिंबाऐवजी केळी लावतोयस का, असं विचारणं मला स्तुती वाटली.

पौषात पानं पिवळी पडली. मी दोन बादल्या वाढवल्या. पानं गळू लागली, तशा आणखी दोन. आमच्याकडे पीक रुसलं की पाणी पाजतात, दुसरा उपायच माहीत नाही. माघात रोपाची नुसती काठी उरली. शेजारचं दगडांतलं रोप हिरवंगार होतं, आणि ते पाहून मला त्या मुलाचा राग येई. हो, रागच. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तो तसाही फार बोलत नसल्यामुळे त्याला ते कळलं की नाही कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी तोच कुदळ घेऊन आला. न विचारता त्यानं माझं आळं फोडलं, उताराकडे चर काढला आणि चिखलाचं ढेकूळ माझ्या नाकाशी धरलं. कुजका वास आला. "पाणी बंद," तो म्हणाला. "किती दिवस?" मी विचारलं. "मी सांगेपर्यंत."

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. झाड मरताना बघायचं आणि हात बांधून बसायचं, हे आमच्या रक्तातच नाही. आंघोळसुद्धा मी त्याच्या फरशीवर करू लागलो. दोनदा बादली उचलली, दोनदा त्यानं ती हातातून काढून घेतली.

होळीच्या सुट्टीआधी प्राचार्य पाहणीला आले. माझ्या काठीपुढे उभे राहिले आणि विचारलं, "पाणी किती घातलंस?" नियमाप्रमाणे, असं म्हणता आलं असतं. पण फोडलेलं आळं आणि चर समोरच दिसत होते. "आंघोळीचं धरून दहा बादल्या. रोज." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाकून नखानं साल खरवडली. खालून ओलसर हिरवा रंग दिसला. "जिवंत आहे," ते म्हणाले, "आता तुझ्या मित्राला विचारल्याशिवाय याला हात लावू नकोस." आणि पुढच्या रोपाकडे गेले.

मी फरशीवर बसलो आणि सगळ्यांदेखत रडलो. तो पाड्यावरचा मुलगा शेजारी येऊन बसला.

संध्याकाळी खोलीत येऊन मी भिंतीत एक खिळा ठोकला आणि सदरा टांगला. नऊ महिने माझे कपडे ट्रंकेतच होते.