नलूआत्या आणि अर्धाच आलेला टॅक्स

ज्या टॅक्ससाठी माझी आत्या आयुष्यभर भांडली, त्याच टॅक्सने आमच्या फाउंड्रीची एक शिफ्ट बंद पाडली.

आज सकाळी आत्या गेली. नलूआत्या. बाबांची धाकटी बहीण.

खरं तर लिहायचं त्राण नाही. पण सकाळपासून लोक फोनवर विचारतायत, "नक्की काय करायच्या त्या?" आणि मी "प्रोफेसर होती" एवढंच सांगून फोन ठेवतेय.

आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवायची. लग्न केलं नाही. कोथरूडला वन बीएचकेत एकटी राहायची आणि दर रविवारी आमच्याकडे हडपसरला जेवायला यायची.

फाउंड्रीही हडपसरलाच. आजोबांनी काढलेली, आता बाबा आणि मी बघतो. लोखंड वितळवून पाइपांची फिटिंग्ज ओततो. बराचसा माल जर्मनीला जायचा.

आत्याचं म्हणणं सोपं होतं. जेवता जेवता सांगायची.

"हे बघ दादा. तिकडच्या कारखान्याला धुरावर टॅक्स लावला, की लोक माल तुझ्याकडून घेतात. तिकडचा धूर बंद, इथला डबल. आभाळ तर एकच आहे ना? म्हणून बाहेरून येणाऱ्या मालालाही तेवढाच टॅक्स पाहिजे."

"वा. म्हणजे मी मरायचं."

"पुढचं ऐक की. ते पैसे त्यांनी स्वतःकडे ठेवायचे नाहीत. तुझ्यासारख्यांना नवी भट्टी घ्यायला परत द्यायचे. दोन्ही एकदम. नाहीतर काहीच नको."

हेच ती दिल्लीत सरकारी मीटिंगांत बोलली, जिनिव्हात परिषदांत बोलली.

दिल्लीत तिला 'तिकडची माणूस' म्हणायचे. तिकडे भाषणाच्या पहिल्या अर्ध्याला टाळ्या पडायच्या. दुसऱ्या अर्ध्याला लोक चहाला उठायचे.

मग युरोपचा टॅक्स खरंच आला.

पहिला अर्धाच आला.

जर्मन कस्टमरची मेल आली. एक टन मालामागे किती कार्बन सोडता, ते कळवा, टॅक्स त्यावरच बसणार आहे. नाही कळवलंत तर आम्ही आमचा आकडा धरू, आणि तो जास्त असेल.

बाबांनी रविवारी त्या मेलची प्रिंट तिच्या ताटाशेजारी ठेवली.

"घ्या नलिनीबाई. आली तुमची पॉलिसी. माझ्या दारात आली."

बाबा बहिणीला अहोजाहो करायला लागले, की समजायचं, संपलं.

आत्या ताटावरून तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी मात्र दुखरा गुडघा घेऊन, बस बदलत, फाउंड्रीत हजर. कोळसा किती, वीज किती, भंगार किती, सगळं माझ्याबरोबर बसून काढलं. कित्येक आठवडे येत होती. बाबा शेजारच्या केबिनमध्ये असायचे, पण बाहेर यायचे नाहीत.

आम्ही खरा आकडा पाठवला. आमची भट्टी कोळशाची. आकडा वाईटच होता.

पुढची ऑर्डर निम्मी आली. त्याच्या पुढची आलीच नाही. त्यांना जवळपासच्या देशात कुणीतरी मिळालं होतं.

शिफ्ट बंद करायची हे बाबांनी कामगारांना सांगितलं, त्या दिवशीही आत्या आली. कुणी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, "आत्या, तू कशाला?" तर म्हणाली, "मी नाही तर कोण?"

दत्तूमामा आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून साचे भरायचे. वाघोलीहून यायचे. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"ताई, तुमी त्या मिटिंगांना जात व्हता ना? तितं आमचा विषय निघायचा का?"

आत्या म्हणाली, "निघायचा, दत्तूमामा. शेवटच्या दिवशी. लोक एअरपोर्टला निघाल्यावर."

मामा हसले नाहीत. तीही नाही.

"मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आणि डबा घेऊन गेले.

रिक्षात बसल्यावर ती रडली. आत्याला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बाबांची एकच मागणी होती. "एकदा जाहीर सांग, की चुकलं तुझं."

"टॅक्स चूक नाही, दादा. आपला धूर खोटा आहे का? पैसे परत दिले नाहीत, ती लबाडी आहे. तेच लिहीन."

तेच लिहिलं. इथल्यांना आवडलं नाही, तिकडच्यांना त्याहून नाही. आणि बाबांनी तिच्याशी बोलणं सोडलं. रविवारी पान मांडायला घेतलं, की आई एक ताट जास्त काढायची आणि परत ठेवून द्यायची.

मग आत्याचं दुखणं निघालं. पोटाचं. फार पुढे गेलेलं.

कळलं त्याच संध्याकाळी बाबा स्वतः डबा घेऊन कोथरूडला गेले. गाडी मी चालवत होते. बाबा तिच्या पलंगाशी बसले आणि म्हणाले,

"जुनी भट्टी काढली. विजेची बसवतोय. एकच, लहान."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला? गिऱ्हाईकासाठी."

आत्या हसली. "आणि वीज कशाची रे?"

"कोळशाचीच. छतावर सोलर टाकलंय. त्यावर पंखे चालतात."

दोघंही इतकी हसली, की घरी ठेवलेली नर्स आत डोकावून गेली. त्यानंतर बाबा रोज जात राहिले. डबा हातात, भांडण तोंडात. विषय तोच.

शिफ्ट पुन्हा सुरू झालेली नाही. नव्या भट्टीवर थोडं काम येतंय. दत्तूमामा आता एका सोसायटीत वॉचमन आहेत.

दुपारी परदेशातल्या तिच्या एका सहकाऱ्याचा मेसेज आला. बाबा म्हणाले, "वाच." मी मराठी करून सांगितलं, "नलिनी काळाच्या पुढे होती, असं लिहिलंय."

बाबा चष्मा पुसत म्हणाले,

"पुढे कसली? वेळेवरच होती. बाकीचे उशिरा आले. तेही रिकाम्या हातांनी."

जा आत्या. खूप दमली होतीस.

आम्हा सगळ्यांचा तुला शेवटचा नमस्कार.