लांब रोटीच्या चार पायऱ्या

ऐंशी सालाच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात शिक्षणशास्त्र आमच्या चुलीपर्यंत पोचलं. मी आसगावच्या शाळेत मास्तरीण. सुट्टीतल्या प्रशिक्षणात ऐकून आले, की शिकण्याच्या पायऱ्या असतात: आधी पाहायचं, मग सोबत करायचं, मग एकट्यानं, आणि शेवटी दुसऱ्याला शिकवायचं. धपाटे बंद!

घरी पाऊल ठेवते तोच सासूबाई कडाडल्या, "पोरगी बारा वर्साची झाली, लांब रोटी टाकता येत नाही तिले! अक्षय तृतीयेले तिच्या आत्याच्या सासरचे रस खायाले येऊन राहिले. बेबीनं रोटी टाकली त ठीक. नाही त तू शाळा सोड, अन् घरी बसून तिले शिकव!"

"शिकवते की, आत्याबाई! शास्त्रानं शिकवते!" मी सासूबाईंना म्हटलं. (मला स्वतःला लांब रोटी येत नव्हती, हा तपशील मी शास्त्राबाहेरचा मानला.)

लांब रोटी खायला सोपी. टाकायची म्हणजे सैल कणीक आपटून आपटून मऊ करायची, हातावर कोपरापर्यंत लोंबू द्यायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर झपकन पसरायची. मी टाकून दाखवली; ती माझ्या पदरात! मग दोघींनी मिळून टाकली, ती चुलीत! मग मी चिडून जोर लावला, तर मडकंच फुटलं.

"आई, तू जराशी बाजूले होतेस काय?" बेबी म्हणाली.

"थांब! आपण अजून दुसऱ्याच पायरीवर आहोत!"

"अवो बाप्पा! तुले त पहिलीच नाही जमून राहिली!"

यजमान बिचारे अड्याळच्या बाजारातून मडकी आणत राहिले आणि मी फोडत राहिले. शेवटी कुंभारानं त्यांना विचारलं, "काहून भाऊ, लग्न हाये काय घरी?"

सणाचा दिवस उगवला. पाहुणे पाटावर, रस वाट्यांत, आणि घरात एकच मडकं शिल्लक! हे फुटलं की शाळा सुटली. मी डोळे पुसून मडक्यापुढं सरसावले. तेवढ्यात बेबीनं मला ढकललं, कणीक उचलली आणि झपकन... अहाहा! पातळ, गोल, सगळं मडकं झाकणारी रोटी! मग दुसरी, मग तिसरी!

"कशी गं जमली?"

"तू करत होतीस त्याच्या उलटं केलं!"

पाहुणे वाहवा करत सुटले. बेबीला असा चेव चढला, की तिनं बापाला धोतर खोचून चुलीपुढं बसवलं आणि त्यांच्याकडूनही रोटी टाकून घेतली. चौथी पायरी सर! मी तर आनंदानं नाचायचीच बाकी होते.

"पाहिलंत, आत्याबाई? शास्त्र!"

"पाहिलं ना बाई," सासूबाईंनी सगळ्या पाहुण्यांदेखत मला हात जोडले. "शाळा उघडली का तू बिनघोर जाय. तिथं फोडाले मडके त नसतात!"