जुना पार्ट

भिवंडीच्या पूर्णा गावातल्या गोदामात आमच्या सॉफ्टवेअरने लेबलं छापणं बंद केलं, त्या सकाळी मी फोनवर पुण्याच्या ऑफिसच्या नावाने खडे फोडत होतो. शेजारी एक मेकॅनिक फोर्कलिफ्टखाली आडवा होता. काढलेला प्रत्येक जुना पार्ट तो पुसून सुतळीने फोर्कलिफ्टलाच बांधून ठेवायचा. काय ही मागासलेली पद्धत, असं माझ्या मनात आलंसुद्धा.

बाहेर ट्रकांची रांग हायवेला टेकली. त्याने विचारलं, "साहेब, काल काय बदललं?"

मी त्याला समजेल अशा भाषेत, म्हणजे मोठ्या आवाजात, सांगितलं, की आमच्या सगळ्या प्रोग्रॅमचे पार्ट एकाच सामायिक साठ्यातून येतात. काल मी तिथे एक नवीन टाकला.

"मग जुना लावा की परत."

"तो मी काढून टाकला. साफसफाई म्हणून."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "नवा एक शिफ्ट चालल्याबिगर जुना फेकायचा न्हाय," एवढंच म्हणाला आणि सुतळीला गाठ मारत विचारलं, "कुठल्या मशीनला अजून जुनाच आसंल ना?"

होता. गेटवरच्या कॉम्प्युटरमध्ये. वॉचमन तो अपडेटच करू देत नाही, अशी मी दोनदा लेखी तक्रार केली होती.

तिथून जुना पार्ट उचलला आणि लेबलं सुरू झाली. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'अनुभवी टीमने तातडीने दोष दूर केला.' खाली नाव एकट्या माझंच टाकलं. मेकॅनिकचं मी विचारलंच नव्हतं.