हन्नाचं खोटं घड्याळ

हन्ना रोहेकर वरसे गावात राहते आणि पुण्याच्या एका कंपनीसाठी घरबसल्या ड्रायव्हर लिहिते. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसून बाहेरच्या यंत्राशी बोलणारा प्रोग्राम. तिचं यंत्र म्हणजे पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर. त्याचा एक नमुना हॉलमध्ये बादलीवर टांगलेला असे, आणि त्या बादलीला अडखळून तिचे बाबा, एलिजा, रोज एकदा तरी कंपनीचा उद्धार करत.

बाबांचा नियम एकच. शुक्रवारी दिवस मावळला की घरातली यंत्रं बंद. हन्नाचा भाऊ नथानियल इस्रायलला गेला, नातेवाईक गेले, पण शब्बाथ, ज्यूंचा तो विसाव्याचा दिवस, काही वरशातून हलला नाही. हन्नाही मुकाट्याने बटण बंद करी. वाद घालून कोण जिंकलंय त्यांच्याशी!

कामात मात्र ती चोख. टेस्टसाठी तिनं एक खोटा सेन्सर लिहिला होता, नुसता प्रोग्राम, सांगू ते सोंग घेणारा. तो उशिरा उत्तर देई, मध्येच गप्प बसे, वाट्टेल ते आकडे फेकी. ड्रायव्हर डगमगला नाही की टेस्ट पास. सगळ्या टेस्ट हिरव्यागार होत्या.

मग तो ड्रायव्हर धरमतरच्या जेट्टीवर लागला. काही आठवडे गुण्यागोविंदानं चालला आणि एका दुपारी, ऐन भरतीत, पडद्यावर पाणी शून्य! खाडी आटली म्हणून बार्जवाले पोट धरधरून हसले.

"तुझ्याकडे कसं नाही सापडलं हे?" तिची साहेबीण समीक्षा फोनवर कडाडली.

कारण हन्नाला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. कर्नल सुरू झाल्यापासूनचे ठोके मोजत राहतो. काही आठवड्यांनी आकडा मावेनासा होतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. नेमका तिथेच ड्रायव्हर वजाबाकीत गडबडला होता. घरातलं मशीन दर शुक्रवारी बंद, त्यामुळे तो आकडा कधी भरलाच नाही. टेस्टमधलं घड्याळही शून्यावरूनच निघे.

"मग पुण्याला ये. इथे मशीन सलग चालतात," समीक्षा म्हणाली. "सोमवारपर्यंत दुसरा मार्ग सांग, नाहीतर सामान बांध."

ती गेली की बाबा एकटे, नाहीतर नथानियलकडे रवाना. म्हातारं झाड उपटून कुठे लावतात का! हन्नाला रडूच फुटलं. बाबांनी दारातून सगळं ऐकलं होतं.

शुक्रवारी दुपारी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्राचं सोंग लिहिता येतं, तर वेळेचं का नाही? तिनं खोटं घड्याळ लिहिलं, आकडा भरायच्या जरासंच आधी सुरू होणारं. पहिल्याच फटक्यात टेस्ट लालबुंद! आपलीच चूक सापडल्याचा इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. वजाबाकी सुधारली, टेस्ट हिरवी झाली. तिनं ते पाठवताच समीक्षाचं उत्तर आलं, "उत्तम. वरशातच राहा."

ऊन उतरलं तशी ती बटणाकडे वळली. बाबा आडवे उभे.

"ऱ्हाऊ दे चालू."

"बाबा, शब्बाथ लागतोय."

"म्हाईत हाय. देवाचं मी बघून घेईन. तू पुण्याला नको जाऊस गो. मी भांडू कोनाशी?"

हन्नाचे डोळे भरून आले. या माणसानं आयुष्यात कुणापुढे मान तुकवली नव्हती. तिनं त्यांचा हात धरला. "नाय जायचं, बाबा. मिटलं सगळं, आत्ताच."

"मिटलं?" म्हातारा तिच्याकडे बघत राहिला, मग बाजूला होऊन खेकसला, "मग बघत काय बसलीस? बंद कर ना ते!"